रुमालाखालचा लिलाव

मी माणसांना लिलावात बसवते आणि ती कशी चुकतात ते बघते. माझं काम एवढंच. कुणी विचारलंच तर 'प्रायोगिक अर्थशास्त्र' असं भारदस्त नाव सांगते. समोरचा 'अच्छा अच्छा' म्हणतो आणि विषय उसाच्या दराकडे वळवतो.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरांना बसवायचं. एखादी वस्तू तुझ्या लेखी कितीची, ते प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून द्यायचं आणि बोली लावायला सांगायचं. चिठ्ठीवर पन्नास असेल तर पन्नासच्या वर जाण्यात तोटा आहे, हे शाळकरी पोरालाही कळतं. कोल्हापुरातल्या एम.ए.च्या पोरांना कळत नाही. म्हणजे कळतं चांगलं, पण शेजारच्यानं एकावन्न म्हटलं की ह्यांच्या तोंडून बावन्न निघतंच.

"का रे, तोटा झाला की तुझा," मी विचारते.

"होऊ दे की मॅडम. त्याला सुखासुखी घेऊ देणार होतो व्हय?"

ह्याला आमच्याकडे ईर्षा म्हणतात. ईर्षा म्हणजे मत्सर नव्हे, हे आधीच सांगते. मत्सरी माणूस दुसऱ्याच्या वाईटावर असतो. ईर्षेला मात्र दुसरा धडधाकट लागतो, समोर उभा लागतो, नाहीतर मजाच जाते. आमच्या गावात तालमी, फुटबॉल, मोटारसायकली, सगळं ह्या एका गोष्टीवर चालतं. पुण्याचे माझे गाईड मात्र व्हिडिओ कॉलवर चष्मा वर सरकवून म्हणतात, "हा डेटा स्वच्छ नाही." मी म्हणते, "सर, डेटा स्वच्छ आहे, माणसंच अशी आहेत." मग ते थोडा वेळ बोलत नाहीत आणि मला वाटतं नेट गेलं.

लॅबमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसत आली. काही पोरं 'मला काहीच नको' असा चेहरा करून बसतात. खुर्चीत घसरलेली, मोबाईलकडे डोळे. पण दुसऱ्या कुणी त्या वस्तूला हात घातला की हळूच सरळ होतात. आपल्याला काय हवं आहे हे माणसाला पुष्कळदा दुसऱ्यानं हात घातल्यावरच कळतं. हे मी एकदा घरी जेवताना सहज बोलून गेले आणि आबांनी ते उचललं.

आबा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली आहे. तिथं आबांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या आणि दूध घातलं. आता सत्तरी उलटलीय, गोठ्यात एकच म्हैस उरलीय, पण तिच्याशी ते माझ्यापेक्षा जास्त बोलतात. शेजारच्या घरात चाचा राहतात. ते म्हशींचे व्यापारी. आबांच्या गोठ्यात आलेली एकूणएक म्हैस चाचांनी पारखून दिलेली. दोघांची ओळखही बाजारातच झाली, एका रुमालाखाली. जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. जितकी बोटं धराल तितका भाव, आणि बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसायचं. पहिल्याच सौद्यात आबांनी चाचांचं एक बोट असं पिरगाळलं म्हणे, की चाचा ओरडले, "मर्दा, म्हस घ्यायचीय का बोट घ्यायचंय?" तेव्हापासून दोघांचं जे भांडण सुरू झालं ते कधी मिटलंच नाही. कुणाचा चहा चांगला, कुणाच्या दाराला रंग आधी, कुणाचा आवाज मोठा. गल्लीला दोघांच्या आवाजाशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

आषाढ संपता संपता चाचांवरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते आमच्याकडे अशा नजरेनं बघत होते, की जणू आम्ही दुसऱ्याच कुणाला भेटायला आलोय. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. ती दारात थांबून हळू आवाजात म्हणाली, "डावा हात चांगला आहे, उजव्या पायातही जीव आहे. पण चाचांनी स्वतः मनावर घेतलं पाहिजे. हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. आत्ता नाही हलले तर पुढं फार अवघड जाईल."

आणि चाचा तर कशालाच मनावर घ्यायला तयार नव्हते. चाची विचारायच्या, "भात देऊ का खीर?" चाचा भिंतीकडे बघायचे. "खिडकी उघडू का लावू?" भिंत. चाची बाहेर येऊन आमच्या आईजवळ बसायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. "काय बी दिलं तर खात्यात गं. पण मागत कायच न्हाईत. जन्मभर ह्यो माणूस नुसता मागत आला माझ्याकडं. चहा आण, पान आण, टॉवेल आण. आता मागावं म्हणून मी अल्लापाशी मागालोय."

आबा रोज जायचे, खाटेजवळ खुर्ची ओढून बसायचे आणि एकटेच भांडायचे. एकट्यानं भांडणं किती केविलवाणं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं, आणि माझ्या ह्या दोन्ही गोष्टी एकदमच येतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

जेवताना मी ते लॅबचं बोलून गेले ते ह्याच दिवसांत. आबांनी घास हातात धरून विचारलं, "दुसऱ्यानं हात घातला की कळतंय म्हणतीस?"

"पोरांना कळतं. चाचांचं मी काय सांगू?"

"माणूसच हाय की त्यो पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या कॅरमच्या सोंगट्या घेऊन निघाले. लॅबमध्ये मी पैशांऐवजी त्याच वापरते. मी मागून ओरडत गेले, कारण त्यांना नियम सांगितल्याशिवाय सोडणं म्हणजे मोकाट म्हैस सोडणं. मग चाचांच्या खाटेशी बसून आम्ही नियम ठरवले. दर सोमवारी दोघांना सारख्या सोंगट्या. उरतील त्या ज्यानं त्यानं आपल्या डब्यात ठेवायच्या. रोज एक-दोन गोष्टींचा लिलाव व्हायचा. दलाल मी. रुमालाखाली आधी आबांनी माझी बोटं धरायची, मग चाचांनी, एका बोटाला एक सोंगटी. मग मी दोघांच्या बोल्या मोठ्यानं सांगायच्या. ज्याची जास्त त्याला वस्तू, आणि तेवढ्या सोंगट्या त्यानं भांड्यात टाकायच्या. गाईडना कळलं असतं तर त्यांचं नेट कायमचं गेलं असतं.

पहिला लिलाव चाचांच्या सकाळच्या चहाचा. आबांनी माझं एक बोट धरलं. चाचांच्या डाव्या हाताखाली मी हात नेला तर तो ओल्या कापडासारखा माझ्या तळव्यावर पडून राहिला. "आबा एक, चाचा काही नाही," मी सांगितलं. आबांनी सोंगटी टाकली, कप उचलला आणि चाचांच्या तोंडासमोर फुर्र करून चहा प्यायले.

चाची स्वयंपाकघरातून धावतच आल्या. "लाज हाय का न्हाय? आजारी माणसाचा चहा पितोयसा!"

"रीतसर घेतलाय वैनी. त्यानं बोली लावायची हुती."

चाचींनी चाचांसाठी दुसरा चहा केला आणि आबांशी बोलणं टाकलं. पण आबा रोज जात राहिले. पेपर जिंकून मोठ्यानं वाचायचे, दारासमोरची खुर्ची जिंकून पाय पसरून बसायचे. चाचांचा हात पडलेलाच. मला वाटू लागलं की हा खेळ नसून छळ आहे, आणि हे सांगायचं कसं ह्या विचारात असतानाच आमची म्हैस व्याली.

आईनं गूळ घालून खरवस केला. ही म्हैस चाचांनीच आणून दिलेली, तिच्या पहिल्या चिकाची वाटी दरवेळी त्यांच्याकडे जायची. आबांनी वाटी खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली, वेलदोड्याचा वास खोलीभर झाला. रुमालाखाली आबांनी एक बोट धरलं. मग मी चाचांकडे हात नेला. पहिल्यांदा काहीच नाही. मी हात काढून घेणार इतक्यात त्यांचा अंगठा माझ्या बोटावर आला. मग दुसरं बोट चाचपडलं, सापडलं आणि दोन्ही बोटं त्यांनी धरून ठेवली.

"चाचा दोन," मी म्हटलं. चाचींनी वाटी घेतली आणि घाईघाईनं एवढे मोठे चमचे भरवले की निम्मा खरवस चाचांच्या दाढीत गेला. आबा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ म्हशीला चारा घालत राहिले. वैरण तिच्यासमोर आधीच होती.

मग काय, चाचा सुटलेच. चहा, पेपर, खुर्ची, पंख्याची दिशा, सगळ्याला बोली. आबा प्रत्येक वेळी एकच बोट धरायचे म्हणजे चाचांना दोनात मिळायचं. आम्ही सगळे इतके खूश होतो की मीही काही बोलले नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीलाही आम्ही खेळात ओढलं. तिनं 'पाच वेळा पाय उचलला तर एक सोंगटी' असं काढलं आणि चाचांनी ते कुरकुरत का होईना केलं.

दसऱ्याच्या सुमारास सगळं थांबलं. एका सकाळी मी रुमालाखाली हात नेला तर चाचांनी बोटं मिटून घेतली. चहा नको, पेपर नको. दुसऱ्या दिवशी तेच. व्यायाम तेवढा करायचे, सोंगट्या घ्यायचे, पण बोली लावायची म्हटली की मूठ बंद. चाचींचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. आबा तर बिथरलेच. चाचा चिडावेत म्हणून ते चहाला पाच बोटं लावू लागले, पेपरला अख्खा हात दोनदा.

"आबा, समोर कुणी नाही आणि तुम्ही स्वतःशीच चढताय," मी वैतागून म्हटलं.

"चढू दे. एक दिवस त्याला राग ईल."

पण चाचांना राग येत नव्हता. आबांचा डबा तेवढा हलका होत होता. शेवटी राग मलाच आला. तो तसाही माझ्या नाकावरच असतो. "चाचा, निदान चहाला तरी लावा की! तुमचा जीव पार उठलाय का सगळ्यावरनं?" असं म्हणत मी त्यांचा सोंगट्या ठेवायचा बिस्किटाचा डबा उचलला, उघडून त्यांना सोंगट्या दाखवाव्यात म्हणून. डबा जड लागला. चाचांनी झटक्यात डावा हात डब्यावर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं बाजारात एखाद्यानं खिशाला हात लावल्यावर बघावं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जीव उठला नव्हता. माणूस साठवत होता.

"कशासाठी?" मी विचारलं. "मोबाईलसाठी? टीव्हीसाठी? मटणासाठी?" प्रत्येकाला मान नाही. आबा दाराशी उभे होते, ते आपल्याच तंद्रीत चाचींना म्हणाले, "पाडवा आला. म्हशीच्या शिंगाला रंग आणायला पायजे." आणि चाचांनी डब्यावर थाप मारली. एकदा आणि परत एकदा.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, मोरपीस लावायचं, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि गल्लीतून मिरवत न्यायचं. मग पटांगणात मोटारसायकलच्या मागं त्या पळतात. सगर म्हणतात ह्याला. गोठ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत म्हशीचं दावं धरून चालण्याचा मान आमच्याकडे कायम चाचांचा. यंदा तो कुणाकडे, हा विषय आम्ही घरात चुकूनही काढला नव्हता.

आबा म्हणाले, "मान काय लिलावात काढायची गोष्ट हाय? त्याचाच हाय त्यो. खुर्चीत बसवून नुसतं दावं हातात देऊ की."

"आबा, दिलेलं त्यांना नकोय. नाहीतर चहा सोडून सोंगट्या साठवल्या असत्या का?"

आबांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

रविवारी सकाळी चाचांच्या घरात लिलाव ठेवला. चाची, आई आणि फिजिओथेरपीवाली मुलगी, सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. आबांनी रुमालाखाली माझा हात घेतला आणि एक बोट धरलं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते वर छताकडे बघत होते. मग चाचांची पाळी. त्यांनी माझी पाचही बोटं धरली, सोडली, परत धरली, परत. कपाळावर घाम आला तरी थांबेनात. अख्खा डबा त्यांनी त्या एका गोष्टीवर लावला.

नियम म्हणजे नियम. मी दोन्ही बोल्या मोठ्यानं सांगितल्या. चाचांची सांगितली तेव्हा चाची टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. आबांची 'एक' म्हणून सांगितली आणि चाचांचा चेहरा लाल होत गेला. ते आबांकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं स्टुलावरचा डबा भिरकावला. सोंगट्या खोलीभर घरंगळल्या, एक तर उंबरा ओलांडून गल्लीत गेली. घशातून कसलासा आवाज काढत ते आबांकडे बोट दाखवत होते, एकच बोट, पुन्हा पुन्हा.

आबा उभेच्या उभे राहिले. त्यांनी सगळं प्रेमापोटी केलं होतं आणि आयुष्यात कुणी केला नसेल एवढा चाचांचा अपमान करून बसले होते. आपल्या बरोबरीच्या माणसाला कोल्हापुरात कुणी दया दाखवत नाही. चाचांना मान हवा होता, पण आबांकडून ओढून घेतलेला.

लॅबमध्ये असा लिलाव मी रद्द करून फेकून दिला असता. इथं मी खाली बसून सोंगट्या गोळा करू लागले, सगळ्याच खाली बसल्या. डबा भरून मी चाचांसमोर ठेवला आणि आबांना म्हटलं, "आता परत. आणि ह्या वेळी खरं."

आबा खुर्चीत बसले, बाह्या वर केल्या. त्यांनी माझा हात असा पकडला की बांगडी रुतली. पाच बोटं. परत पाच. परत. डोळे चाचांवर, आणि डोळ्यांत पाणी, पण हात थांबेना. त्यांनी डब्यातली शेवटची सोंगटीसुद्धा मागं ठेवली नाही. चाचा ते हलणारं कापड बघत होते, आणि त्या आजारानंतर पहिल्यांदाच त्यांच्या वाकड्या ओठांवर जुन्या बाजारातलं, सौदा रंगात आल्यावरचं हसू आलं. मग त्यांनी आपला हात रुमालाखाली घातला.

चाचांची बोली चारच सोंगट्यांनी वर गेली. मी खोटं बोलले नाही, हे इथं लिहून ठेवते, कारण गल्लीत अजून कुणी ते मानत नाही. आबांनी आपल्या बऱ्याचशा आधीच खर्चून टाकल्या होत्या, समोर कुणी नसताना चहावर, चाचांना राग यावा म्हणून. ते हरले आणि इतके खूश झाले की त्यांनी चाचांना मनसोक्त शिव्या घातल्या. "चोर हाईस लेका! चहा न पिता मला लुटलास!" चाचींनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली ती त्या दिवशी.

आमच्या शास्त्रात म्हणतात की लिलाव जिंकणारा पुष्कळदा फसतो, कारण वस्तू घरी आणल्यावर तिचं खरं ओझं कळतं. चाचांचंही तसंच झालं. मान घेतला म्हणजे चालणं आलं. दिवाळीपर्यंतचे दिवस त्यांनी त्या मुलीला जीव नकोसा करून सोडला. ती थकायची, हे थकायचे नाहीत. खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून काठी, काठीवरून भिंत. पडले, पुन्हा उभे राहिले, शब्द नसलेल्या मोडक्या आवाजात स्वतःवरच खेकसले.

पाडव्याला आबांनी म्हैस नटवली. चाचांना चाकाच्या खुर्चीतून गोठ्याच्या दाराशी आणलं. डोक्याला फेटा, अंगात ठेवणीतला सदरा, चाचींनी अत्तर लावलेलं. अख्खी गल्ली जमलेली, पण आमच्या गल्लीला शोभणार नाही एवढी गप्प. आबांनी दावं चाचांच्या डाव्या हातात दिलं. चाचांनी ते मनगटाला गुंडाळलं, म्हशीच्या पाठीवर कोपर टेकवलं आणि उठले. म्हैस एक पाऊल पुढे गेली. चाचांचा डावा पाय गेला. उजवा घासत मागून आला.

आबा लगेच सरसावले आणि त्यांनी चाचांचा दंड धरला, घट्ट, दोन्ही हातांनी. चाचा थांबले. आबांकडे बघितलं. ओठ जुळेनात, जबडा नुसताच हलला, मानेच्या शिरा ताठल्या.

"सोड," चाचा म्हणाले.

आजार झाल्यापासून त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द. आबांचे हात निघेनात. ते चाचांच्या तोंडाकडे बघत होते, ऐकलेलं खरं की खोटं म्हणून.

"सोड की रं," चाचा परत म्हणाले, ह्या वेळी पार जुन्या रागानं.

आबांनी सोडलं. म्हैस निघाली, तिच्या अंगाला टेकत, पाय घासत चाचा निघाले, आणि त्यांच्या मागोमाग आबा, दोन्ही हात पुढे धरून, कुठेही न लावता.